पालकांची सही : प्रतिपालक कुटुंबात आलेल्या एका मुलीचं पाचवीचं वर्ष

या प्रकरणातल्या मुलीला मी इथे फक्त 'मुलगी' म्हणणार आहे. नाव, गाव, शाळा, जिल्हा यातलं काही देणार नाही आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत. बाल न्याय अधिनियम 2015 मधलं कलम 74 त्यासाठीच आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख छापून किंवा प्रसारित करून उघड केली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम मी एका ठिकाणी गरजेपेक्षा जास्त घट्ट धरलं आणि त्यातूनच या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक झाली. ती माझी होती.

मी एका स्वयंसेवी संस्थेत सामाजिक कार्यकर्ती आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षाबरोबर आम्ही प्रतिपालकत्वाचं, म्हणजे फॉस्टर केअरचं काम बघतो. कुटुंबाची गृहभेट, अहवाल, मूल घरात गेल्यावरचा पाठपुरावा, असं त्याचं स्वरूप. लोकांचा इथे नेहमी घोटाळा होतो, म्हणून आधी तो दूर करते. महाराष्ट्रात 'बालसंगोपन' म्हटलं की महिन्याला 2250 रुपयांची योजना डोळ्यांसमोर येते, आणि तिचा लाभ बहुतेक वेळा एकट्या आईकडे किंवा नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांना मिळतो. हे प्रकरण त्यातलं नाही. इथे रक्ताचं नातं नसलेल्या घरात मूल बालकल्याण समितीच्या आदेशाने राहतं. कलम 44 प्रमाणे त्याच्या शिक्षणाची, आरोग्याची, खाण्यापिण्याची जबाबदारी त्या कुटुंबाची, आणि मिशन वात्सल्य या सरकारी योजनेखाली महिन्याला 4000 रुपये मिळतात. हे दत्तक नव्हे. आई-वडील हयात असतील तर ते आई-वडीलच राहतात, भेटायला येऊ शकतात, आणि ते सांभाळू शकतील अशी समितीची खात्री झाली की मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवावं लागेल, कारण मुलीने ते आमच्यापेक्षा जास्त लक्षात ठेवलं होतं.

चार शाळा

मुलगी आमच्याकडे आली तेव्हा दहा वर्षांची होती आणि कागदावर पाचवीत होती. प्रत्यक्षात ती किती शिकली आहे, याचा हिशेब कोणीच मांडला नव्हता. मीही तो मांडला थेट नोव्हेंबरात, एका पाठकोऱ्या कागदावर. तोवर तिच्या फाइलमध्ये माझ्याच हाताने तीन महिने एकच ओळ लिहिलेली होती : 'शिक्षण चालू. प्रगती समाधानकारक.'

कागदावर उतरलं ते असं. जून 2020 मध्ये पहिलीत नाव घातलं, ते गावच्या जिल्हा परिषद शाळेत. कोविडमुळे ते सबंध वर्ष शाळा उघडलीच नाही आणि घरात स्मार्टफोन नव्हता. दुसरीचे वर्ग भरायला लागले डिसेंबर 2021 मध्ये, आणि जानेवारीत पुन्हा काही दिवस बंद पडले. म्हणजे बाराखडी घटवायच्या, जोडाक्षरं फोडून दाखवायच्या वयात समोर फळाच नव्हता. त्या तुकडीतल्या लाखो मुलांचं हेच झालं. पण बाकीच्यांना पुढची दोन वर्षं निदान एका जागी बसून भरून काढता आली. हिचे वडील त्या उन्हाळ्यात गेले. आई तिला घेऊन शहरात कामाला आली, तिसरीत दुसऱ्या शाळेत नाव घातलं. नोव्हेंबर 2022 पासून आईचा मानसिक आजार बळावला आणि मुलगी तिच्या उशाशी घरातच राहायला लागली. समितीने जून 2023 मध्ये तिला बालगृहात ठेवलं, तेव्हा तिने सात महिने शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मामा होता, पण त्याच्या घरात तो सांभाळेल अशी स्थिती नव्हती.

बालगृहाजवळच्या शाळेने तिला चौथीत बसवलं. ते बरोबरच होतं. शिक्षणहक्क कायद्याचं कलम 4 सांगतं की मुलाला वयाप्रमाणे वर्ग द्यावा आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावं. या वाक्याचा पहिला अर्धा भाग पाळला गेला. दुसऱ्या अर्ध्यासाठी कोणी विचारलं नाही, आणि विचारायचं कोणी, हेही ठरलेलं नव्हतं. बालगृहाच्या अधीक्षकांना वाटलं शाळा बघते आहे, शाळेला वाटलं संस्थेची मुलगी आहे, संस्था बघेल.

ऑगस्ट 2024 मध्ये ती प्रतिपालक कुटुंबात आली. काका एसटीत वाहक, मावशी घरी शिलाईकाम करतात, त्यांचा स्वतःचा मुलगा आयटीआयला. घर दोन खोल्यांचं, बाहेरच्या खोलीत खिडकीशी पायाची शिलाई मशीन. चौथी शाळा इथली.

पेन्सिलीने लिहिलेलं नाव

आधीच्या शाळेत दाखला मागायला मी गेले तेव्हा ऑगस्ट संपत आला होता. मुख्याध्यापक सज्जन होते, चहा मागवला, आणि म्हणाले, "मॅडम, सप्टेंबर संपू द्या ना. मग लगेच देतो."

शाळांशी संबंध नसलेल्यांना यातलं कळणार नाही म्हणून सांगते. 30 सप्टेंबरच्या पटसंख्येवर संचमान्यता ठरते, म्हणजे त्या शाळेला पुढच्या वर्षी किती शिक्षक मिळणार ते. छोट्या शाळेत एक पोर कमी झालं तर एक शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो. त्यामुळे सप्टेंबरात दाखला मागणारा पालक शाळेला सावकारासारखा दिसतो. शिक्षणहक्क कायद्याचं कलम 5 याबाबत स्वच्छ आहे : दाखला ताबडतोब द्यायचा, उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, आणि दाखला नाही म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता येत नाही. मी कलमाची प्रत दाखवली, केंद्रप्रमुखांना दोनदा फोन केला. दाखला आला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, त्यांनी सांगितला होता तेव्हाच.

नव्या शाळेने तिला वर्गात बसवून घेतलं, त्याबद्दल त्यांचे आभार. पण ऑनलाइन नोंद आधीच्या शाळेकडेच अडकलेली, म्हणून हजेरीपटावर तिचं नाव सगळ्यात खाली पेन्सिलीने लिहिलं गेलं. पाठ्यपुस्तकांचा मोफत संच मोजून आलेला, तो तिच्या वाट्याला आला नाही. बाई हजेरी घेताना छापील नावांपर्यंत येत आणि पट मिटत. रोज नाही, पण बऱ्याचदा. मग कोणीतरी पोर ओरडे, "बाई, ती राहिली!" सहा आठवडे हा खेळ चालला. मला हे मावशींकडून कळलं, तेही डिसेंबरात, बोलता बोलता. मी दर महिन्याला घरी जात होते, फॉर्म भरत होते. फॉर्ममध्ये 'शाळेत जाते का?' असा रकाना आहे. जात होती.

दोन चौकटी

पहिल्या सत्राचं प्रगतिपुस्तक दिवाळीच्या सुट्टीनंतर घरी आलं. गणितात ड, इंग्रजीत ड, मराठीत क-2. दुसऱ्या दिवशी मुलीने ते सही करून परत नेलं. वर्गशिक्षिकांनी पालकसभेत मावशींची सही पाहिलेली होती, मावशी पूर्ण नाव लिहितात. इथे भलतंच नाव होतं, मोठ्या थरथरत्या अक्षरांत. बाईंनी तिला उभं केलं, सगळ्या वर्गासमोर विचारलं ही सही कोणाची, ती बोलेना. मग 'खोटारडी' हा शब्द आला. दप्तर तपासलं तर रफ वहीच्या मागच्या चार पानांवर त्याच सहीचा सराव केलेला.

मला शाळेतून फोन आला तो असा : "तुमची मुलगी खोट्या सह्या करते."

मी पोचले तेव्हा ती मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली होती. वही माझ्याकडे दिली. मी चार पानं पाहिली. पहिल्या पानावर अक्षरं गिरवल्यासारखी, चौथ्यावर एका झटक्यात. मी तिला 'का केलंस' असं विचारलं नाही, एवढं एकच त्या दिवशी मला सुचलं. विचारलं, "ही सही कुणाची गं?"

"आईची."

"तिला आणता येत नाही म्हणून?"

"मावशींनी केली तर मग आईची राहत नाही ना."

तिने ही गोष्ट कुठे ऐकली कोणास ठाऊक. बालगृहात मोठ्या मुली असं बोलतात : सही केली की मूल त्यांचं झालं. दत्तकाच्या कागदांवर सह्या होतात, त्यातून आलेलं असेल. तिच्या लेखी 'पालकांची सही' ही चौकट म्हणजे आई हातची जाण्याची जागा होती. आणि मावशींनाही कोणी सांगितलं नव्हतं की सही करायची कोणी. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, आपण कशी करायची? आपण काय खरे पालक?" दोघीही त्या चौकटीपासून आपापल्या कारणाने लांब राहिल्या होत्या.

आता माझी चूक. मुलगी शाळेत आली तेव्हा तिची परिस्थिती मी फक्त मुख्याध्यापकांना सांगितली आणि वर बजावलं, "सर, कुणालाही कळता कामा नये." त्यांनी शब्द पाळला, वर्गशिक्षिकांनाही सांगितलं नाही. कलम 74 बातम्या, मासिकं, दृक्‌श्राव्य माध्यमं यांतून ओळख उघड करण्याबद्दल आहे. जी बाई रोज पाच तास मुलीसमोर उभी असते तिला अंधारात ठेवा, असं ते सांगत नाही. बाईंना वाटत होतं की ही मावशींच्या बहिणीची मुलगी आहे, लाडावलेली, कामचुकार. 'मानसिक छळ' म्हणून शिक्षणहक्क कायद्याचं कलम 17 त्यांच्या तोंडावर मारणं मला सोपं होतं, आणि संस्थेत एकीने तसा सल्ला दिलाही. पण त्रेचाळीस मुलांच्या वर्गात त्या बाईंनी जे केलं ते त्यांना ठाऊक असलेल्या माहितीवर केलं होतं, आणि ती माहिती अपुरी ठेवणारी मी होते.

त्याच दुपारी मी बाईंना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे वर्गात उपयोगी पडेल तेवढं : आई आजारी आहे, उपचार चालू आहेत, मुलगी आईची आहे आणि सध्या मावशींकडे राहते. आजाराचं नाव सांगितलं नाही, ते त्यांना लागणार नव्हतं. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मी तिला गेल्या आठवड्यात 'माझी आई' निबंध दिला होता. कोरा कागद दिला म्हणून पट्टी मारली नाही एवढंच."

दोन चौकटींची कल्पना बाईंची. त्यांनी पट्टी घेऊन प्रगतिपुस्तकातल्या 'पालकांची सही' या चौकटीत मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे मावशींनी सही करायची, कारण त्या आज रात्री घरी अभ्यास घेणार आहेत. उजवीकडची आईसाठी, ती भेटायला येईल तेव्हा. वर्गासमोर मुलीची माफी मागायला त्या तयार होत्या, मुलगीच नको म्हणाली. निबंधाच्या विषयांत त्यानंतर कायम पर्याय येऊ लागले, 'माझी आई' किंवा 'मला आवडणारी व्यक्ती', आणि तो पर्याय आणखी दोघा-तिघांनी निवडला, असं बाईंनी नंतर सांगितलं. उजवीकडची चौकट मात्र तीन महिने रिकामी राहिली. आईची तब्येत पुन्हा ढासळली होती. मुलगी दर भेटीत मला ते पान उघडून दाखवायची, बोलायची काही नाही.

मोत्यासारखं अक्षर

सहीच्या प्रकरणानंतर मी तो पाठकोरा कागद लिहायला बसले आणि मग पहिल्यांदा तिचं वाचन घेतलं. असर सर्वेक्षणात वापरतात तसली साधी चाचणी आम्ही ठेवतो : अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. परिच्छेद तिने अडखळत पार केला. गोष्टीत दुसऱ्याच ओळीला जोडाक्षर आलं आणि ती थांबली, मग चित्राकडे बघून मनाने सांगायला लागली. बरीच बरोबर सांगितली.

हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? तिच्या वह्यांमुळे. अक्षर मोत्यासारखं, समास आखलेला, फळ्यावरचं सगळं उतरवलेलं, एक कानामात्रा चुकलेली नाही. जागा बदलत राहिलेली मुलं नकलेत फार तयार होतात, हे मी आधीही पाहिलं होतं आणि तरी फसले. नव्या वर्गात वेगळं दिसायचं नसेल तर शेजारच्याची वही हा सगळ्यात सुरक्षित रस्ता. शिक्षक वह्या तपासतात, सही करतात, पुढे जातात.

घाई होती, कारण पाचवी आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर राज्यांना पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने 2023-24 पासून ती परीक्षा सुरू केली. प्रत्येक विषयात 35 टक्के. न जमल्यास पुनर्परीक्षा, तीही गेली तर वर्ष पुन्हा. चार शाळा बदललेल्या मुलीला पुन्हा पाचवीतच बसवणं म्हणजे तिने जेमतेम जोडलेल्या मैत्रिणींपासून पुन्हा तोडणं.

मी केलं ते कोणीही करतं, शिकवणी लावली. गल्लीत एक मुलगा पाचवी-सहावीची शिकवणी घ्यायचा, संध्याकाळी दोन तास. त्याने पाचवीचं पुस्तक पाचवीसारखं शिकवलं. दुसऱ्या आठवड्यात तिच्या पोटात दुखायला लागलं, रोज पाच वाजता. तिसऱ्या आठवड्यात मावशींनीच ठरवून टाकलं की बंद. माझा विरोध होता. "मग कोण शिकवणार?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, मी सातवी शिकलेली. मी काय शिकवणार? पण पोर रडत जाते, ते काही बरं नाही."

एका इंचात आठ सूत

पुढचं मी घडवून आणलेलं नाही. मावशी संध्याकाळी मशीनवर बसायच्या, मुलगी शेजारी पाटावर. एकदा त्यांनी सहज सांगितलं, मला जरा वाचून दाखव, माझे डोळे कामात आहेत. हातात होतं शेजारच्यांचं तिसरीचं मराठीचं पुस्तक. ती वाचायला लागली. अडखळली की मावशी पाय थांबवायच्या. मशीनचा आवाज बंद व्हायचा. त्या काही सुधारायच्या नाहीत, नुसत्या थांबायच्या. शब्द सुटला की पाय पुन्हा सुरू.

मी डिसेंबरात हे पाहिलं तेव्हा पंधरा मिनिटं दारातच उभी राहिले. 'प्रश्न' या शब्दावर मशीन थांबली. मुलीने 'पर', मग 'पन्न', मग 'प्र' असं काहीतरी केलं. शांतता. मावशींनी कापड सारखं केलं, सुई पाहिली, तिच्याकडे बघितलं नाही. "प्र...श्न," ती म्हणाली, आणि मशीन चालू. शिकवणीतल्या मुलाकडे ही सबुरी असणं शक्य नव्हतं, त्याच्यापुढे बारा पोरं होती. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नाही, मी शब्द सांगून मोकळी झाले असते.

तिसरीचं पुस्तक संपलं, मग चौथीचं, मग जुन्या दिवाळी अंकांतली मुलांची पानं. रोज वीसेक मिनिटं, तेही ऑर्डरी कमी असतील तेव्हा. लग्नसराईत खंड पडला. मी मावशींना एक वही दिली आणि फक्त एवढं लिहायला सांगितलं : तारीख, काय वाचलं, कुठे मशीन थांबली. हेच शब्द.

गणिताचं आणखी गमतीचं. अपूर्णांक तिला मुळातच कळलेले नव्हते, कारण तिसरी-चौथीत त्यांची ओळख होते आणि ती दोन्ही वर्षं तिची अशी गेलेली. छेद मोठा म्हणजे संख्या मोठी, एवढंच तिचं गणित. 1/8 हा 1/4 पेक्षा मोठा, आठ चारापेक्षा मोठे म्हणून. बाईंनी सममूल्य अपूर्णांक फळ्यावर तीनदा समजावले होते. मावशींची टेप मात्र इंचांची, आणि शिंप्याच्या हिशेबात एका इंचाचे आठ सूत. मुलगी ब्लाउजची मापं लिहून घ्यायला मदत करायची. "बाही साडेपाच आणि दोन सूत," मावशी सांगायच्या, तीच लिहायची. जानेवारीत एकदा तिने विचारलं, "मावशी, दोन सूत म्हणजे पाव इंचच ना? मग पाव का नाही म्हणत?" मावशी म्हणाल्या, "म्हण की." तिने टेप बोटांत धरून मोजलं. चार सूत म्हणजे अर्धा, सहा म्हणजे पाऊण. दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी 4/8 लिहिल्यावर ही पहिल्या बाकावरून म्हणाली, "अर्धा इंच." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, त्यांनी मावशींकडून टेप मागवून घेतली आणि पुढचा आठवडाभर सगळ्या वर्गाला मापं घ्यायला लावली. पावकी-निमकी पाठ करणाऱ्या पिढीला यात नवल वाटणार नाही.

इंग्रजीला मात्र असा काही मार्ग सापडला नाही. मावशींना येत नव्हतं, काका ड्यूटीवर, आयटीआयतला दादा दोन-चार दिवस बसला आणि कंटाळला.

आमच्याच तारखा

फेब्रुवारीत बाईंनी हजेरीचा कागद माझ्यासमोर ठेवला. पहिल्या सत्रात मुलगी सतरा दिवस गैरहजर होती. आजारपणाचे सहा. उरलेले अकरा दिवस आम्ही नेलेले : समितीपुढे हजर करणं, वैद्यकीय तपासणी, आधारमधलं नाव दुरुस्त करणं, बँकेचं खातं, आईची भेट. मुलीचं भलं बघणाऱ्यांनीच तिचे अकरा दिवस खाल्ले होते. त्यातला गणिताच्या तासाचा वाटा कोणी मोजला नव्हता.

मी समितीला अर्ज दिला की शक्य तिथे तारीख सुट्टीच्या दिवशी किंवा शनिवारी शाळा सुटल्यानंतर द्यावी, आणि आईची भेट रविवारी व्हावी. अध्यक्षांनी मान्य केलं, फारसं काही विचारलं नाही. हे आधी कोणी मागितलंच नव्हतं. दुसऱ्या सत्रात आमच्यामुळे गेलेले दिवस दोन.

महिन्याच्या अहवालातली 'प्रगती समाधानकारक' ही ओळही मी टाकून दिली. त्याजागी बाईंचं एक वाक्य, मावशींच्या वहीतलं एक पान आणि मुलीने स्वतः सांगितलेली एक अडचण जोडायला लागले. इंग्लंडमध्ये अशा मुलांच्या शिक्षणाचा धागा धरून ठेवायला 2014 पासून प्रत्येक स्थानिक प्रशासनाला एक स्वतंत्र अधिकारी नेमावाच लागतो. आपल्याकडे वैयक्तिक काळजी आराखड्यात शिक्षणाचा भाग आहे, पण तो भरतो कोण आणि वाचतो कोण, यावर सगळं येऊन ठेपतं. आमच्या जिल्ह्यात तो मीच भरत होते आणि मीच वाचत होते.

अनुदानाबद्दल फार लिहीत नाही. पहिले पाच महिने ते आलं नाही, नंतर एकदम आलं. त्या पाच महिन्यांत वह्या, गणवेश, बूट काकांच्या पगारातून झाले. त्यांनी एकदाही विषय काढला नाही, आणि यंत्रणा अशाच न बोलणाऱ्या माणसांवर उभी आहे, ही तक्रार मी इथे नोंदवून ठेवते.

पुनर्परीक्षा

फेब्रुवारीच्या शेवटी आई आली. प्रकृती सुधारली होती, भावाकडे राहत होती, औषधं वेळेवर घेत होती. भेट मावशींच्या घरीच झाली. मुलीने प्रगतिपुस्तक पुढे केलं. आईने उजवीकडच्या चौकटीत सही केली, हात थरथरत होता. सरावाच्या चौथ्या पानावरची सही याहून सरळ होती.

एप्रिल 2025 मध्ये वार्षिक परीक्षा झाली. मराठी, गणित, परिसर अभ्यास निघाले, गणितात तर 50 पैकी 27. इंग्रजी राहिलं. पुनर्परीक्षा जूनमध्ये. याच सुमारास आईने मुलगी परत मिळावी म्हणून समितीकडे अर्ज केला होता आणि मेमध्ये सुनावणी होती. आई सांभाळू शकेल असा अहवाल आम्हीच दिला होता. पण मुलगी मेमध्ये हलली असती तर पुनर्परीक्षा कुठल्या शाळेत, कोणत्या पटावरून, हा गुंता पुन्हा सुरू झाला असता. आम्ही मागणी केली की निकाल लागेपर्यंत तिला इथेच ठेवावं. आईला ते पटायला वेळ लागला. तिला वाटलं आम्ही टाळतो आहोत. तिच्या जागी मलाही तसंच वाटलं असतं. शेवटी बाईंनी तिला वर्गात बोलावून मुलीच्या वह्या दाखवल्या, मावशींची वाचनाची वही दाखवली. समितीच्या आदेशात निकालापर्यंतचा मुक्काम आला, शिवाय दाखला आणि शैक्षणिक फाइल हातात दिल्यावरच मुलगी हलवावी, असंही वाक्य आलं.

मे महिनाभर बाईंनी आठवड्यातून तीन दिवस इंग्रजी घेतलं, स्वतःच्या सुट्टीत, घरी बोलावून. पुनर्परीक्षेत 50 पैकी 21 मिळाले. दाखला दोन दिवसांत मिळाला. जून होता, सप्टेंबर नव्हता.

ती मामाच्या गावी सहावीत जाते आहे. पाचवी शाळा. फाइलमध्ये प्रगतिपुस्तक, पाठकोऱ्या कागदावरचा तो हिशेब, मावशींची वही आणि बाईंनी नव्या वर्गशिक्षकांसाठी लिहिलेलं दीड पानाचं पत्र आहे. ते पत्र मी या वेळी मुख्याध्यापकांसमोरच वर्गशिक्षकांच्या हातात दिलं. निघताना मुलीने मावशींकडे टेप मागितली. मावशींनी ती दिली नाही. दुकानातून नवी आणून दिली, कारण जुनीवरचे पहिले चार इंच झिजून सूत दिसेनासे झाले होते.